तिसरी विहीर

दिवा सर्कलच्या सिग्नलला गाडी उचक्या देऊ लागली.
पेट्रोलच्या वहीत गेले तीन महिने
लिटरला अकरा, दहा, साडेनऊ.

गोठिवलीचा हिरामण घरत बॉनेटखाली वाकला.
"मिसिंग मारते," एवढंच म्हणाला,
आणि एकेक कॉइल उपसून फडक्यावर मांडली.
पहिली कोरडी. दुसरी कोरडी.
तिसरीच्या जागी बॅटरीचा झोत सोडून म्हणाला,
"मॅडम, हिरीत पानी हाय."

प्लग बसतो त्या खोल भोकाला विहीर म्हणतात,
हे मला चौदा वर्षं गाडी चालवून तेव्हा कळलं.
वाकून पाहिलं:
प्लगच्या गळ्याशी गंज,
गळक्या नळाखालच्या फरशीवर धरतो तसा,
तांबूस, पापुद्र्यापापुद्र्यांचा, हात लावावा असा मऊ.

मी पाना उचलला. त्यानं काढून घेतला.
"घाई नको. आधी हवा मारायची,
खरवडायचं, पुसायचं, परत हवा मारायची.
मगच सैल करायचा.
एक कण आत पडला
तर पिस्टनसंगती वरखाली नाचत बसल."
मग हात पुसत, सहज:
"गाडी उभी कुठं करता?"

सेक्टर आठ. जिन्याला लागून, खांबाच्या आत.
बरोब्बर चौथ्या मजल्याच्या एसीखाली.
टप्प.
काच आणि बॉनेट जिथं भेटतात त्या जाळीवर
टप्प.
दोन वर्षं मी त्याला
गाडी आपोआप धुतली जाते म्हणत होते.

बिल दोन हजार सहाशे चाळीस.
ते हातात धरून जिना चढले.
पहिल्या मजल्यापर्यंत वाक्य तयार होतं,
दुसऱ्यावर त्यातला 'भरपाई' गळला,
तिसऱ्यावर 'कितीदा सांगायचं', जे मी
एकदाही सांगितलं नव्हतं.

केळुसकरांनी दार अर्धंच उघडलं.
आतून थंडी आली, फळांच्या गोदामातल्यासारखी.
आत निनाद, खिडकीकडे पाठ करून बसलेला.
रबाळ्याच्या कंपनीत रिअॅक्टरची वाफ अंगावर आली तो.
"त्याला घाम येत नाही," ते म्हणाले,
तो घरी नाही, असं सांगावं तसं.
"मांडीची कातडी पाठीला लावली.
दिसते बरी. पण घामाची वाट
तिला ठाऊक नाही."

बिलाची घडी आणखी एकदा घातली.
म्हटलं, खाली पिंप ठेवू का, पाणी फुकट जातं.
निळा पिंप ठेवला. गाडी दोन हात मागे घेतली.
त्या पाण्यावर आता जिन्यातल्या दोन कुंड्या
आणि वॉचमन बिराजदारची अंघोळ.

मे महिन्यात, रात्री दीडला,
मला जाग आली ती आवाजानं नाही.
पिंपात काहीच पडत नव्हतं.
लाईट गेली होती, अख्ख्या सेक्टरची,
आणि चौथ्या मजल्यावर एक बॅटरी
या खोलीतून त्या खोलीत फिरत होती.

किल्ली घेऊन उतरले.
पहिल्याच झटक्याला चारही प्लग पेटले.
एसी चारवर टाकला आणि हॉर्न दिला,
एकदाच, रात्रीला शोभेल तेवढा.

निनाद भिंत धरत आला, ओली चादर पांघरून.
मागे बनियनवरच केळुसकर.
कुठं जायचं, कुणी विचारलं नाही.
ऐरोली पुलावर जायचं, टोलपाशी वळायचं,
अंधाऱ्या दिव्यांखालून परत यायचं, पुन्हा जायचं.
खाडीपलीकडे मुलुंडला मात्र लाईट होती.
टोलच्या कडेला क्षणभर थांबलो
तेव्हा गाडीखाली थोडं ओलं झालं.

तिसऱ्या फेरीला
काचेला कपाळ लावून तो पहिल्यांदा बोलला.
सहा वर्षं पंपांचे आवाज ऐकलेला मुलगा.
"तिसरा," म्हणाला,
"किंचित अडखळतोय अजून."

"हो का," मी म्हटलं,
"सोमवारी हिरामणला दाखवते."