तिसरी खिडकी, बाहेरून

रविवार, सकाळचे साडेसात. पणजीचं पोस्ट बंद.
समोरच्या फुटपाथवर आम्ही अकरा जण,
कुणी घडीच्या स्टुलावर, कुणी कालच्या पेपरावर.
कुस्तोदियो सर उभेच. बसलं की त्यांना झोप येते.

"पयलीं उजवाड पळयात," ते म्हणतात.
"वणट मागीर. वणट खंयच वचना."

सगळे माना वर करून उजेड बघतात.
मी बघते दाराची कडी.
तिला जरा वर उचलल्याशिवाय ती सरकत नाही,
हे या अकरा जणांत मलाच ठाऊक.

एकतीस वर्षं मी हिच्या आत होते.
आधी मनीऑर्डर, मग बचत खाती, शेवटी रजिस्टर.
बाहेरून कशी दिसते, कुणी विचारलं असतं
तर गप्प बसले असते.
सकाळी बेतीच्या फेरीतून उतरून धावायचं,
डोळे घड्याळावर.
संध्याकाळी हिच्याकडे पाठ,
डोळे फेरीवर.

वेलेंझियाने छपराची रेघ ओढली, एका दमात,
जशी भाकरी थापतात.
डॉक्टर केंकरे खोडतायत. अजून खोडतायत.
ध्रुवेश नऊ वर्षांचा; त्याने आधी कावळा काढला,
आता कावळ्याला बसायला
छप्पर शोधतोय.

मी खिडक्या मोजते.
आत चार होत्या:
शिक्क्यांची, पार्सलची, माझी,
आणि तडा गेलेल्या काचेची.
बाहेरून पाच दिसतात.
पुन्हा मोजते, पेन्सिलीचं टोक एकेकीवर ठेवत.
पाचच.

मग लक्षात येतं.
माझ्या खुर्चीमागे लोखंडी कपाट होतं,
जुन्या रजिस्टरांनी गच्च, हलवायला चार माणसं लागली असती.
त्याला पाठ टेकून मी जेवले, रडले एकदा,
दुपारी तीनला ट्यूब लावली, पंख्यावरून भांडले.
त्याच्यामागे खिडकी होती.
नदीचा वारा तिथवर येऊन
परत जात असणार.

सरांना सांगावं म्हणते. मग नाही सांगत.
त्यांच्या शेडिंगमध्ये ती काळीच बसलीय, बरोबर.

माझा कागद अजून कोरा.
कमानी मला जमत नाहीत, अंडी होतात त्यांची.
मी फक्त तिसऱ्या खिडकीखालची पायरी काढते.
तिला मधोमध खळगा पडलाय,
ताटलीएवढा, गुळगुळीत.
हा मी कधी पाहिला नव्हता.

जाळीतून मला माणसं दिसायची
छातीपासून कपाळापर्यंत.
तारवटीवरच्या मुलाचे पैसे न्यायला येणारी आंजेलीन,
जिचा अंगठा शाईत बुडवायच्या आधीच थरथरायचा.
पाकिटावर थुंकी लावू नका सांगितलं तरी लावणारे
सावईवेऱ्याचे भटजी.
कंबरेखाली ती सगळी कुठे उभी असत,
मला काय माहीत.
इथे असत.

"पोस्ट उघडं आहे?"
डोक्यावर कुणीतरी. मान वर न करताच बोलले,
"उद्या नऊला. आणि तो दोरा बदला, सुटेल."
म्हणजे मी पार्सल पाहिलं होतं तर,
डोळ्याच्या कोपऱ्यातून, जुन्या सवयीने.

"तुम्ही इथल्या?"
"नाही," म्हटलं. "चित्र काढतेय."

तो जाईना. खळग्याकडे पाहत राहिला,
मग त्यातच जाऊन उभा राहिला,
कुलूप खरंच आहे का बघायला.

निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर.
डावी टाच बाहेरून झिजलेली.
अंगठ्याला हळद.

"जरा थांबा हं," मी म्हणाले,
"हलू नका. दोन मिनिटं."