घुमट बंद

काट्रीना यानुआरीची चित्रं बघायला
सदरलँडच्या शाळेत लोक आले ते कानटोप्या न काढताच.
लोकरीचा भाव, पंपाचा न मिळणारा वॉशर,
कुणाची तरी मुलगी केपटाउनला पळाली,
असं बोलत बोलत आले
आणि पहिल्याच चित्रापुढे गप्प झाले.
राखाडी. त्यावर राखाडी.
खाली डाव्या कोपऱ्यात
नखानं खरवडावी तशी एक रेघ.

पाद्रीबुवा म्हणाले, 'तारे कुठायत गं?'

एकतीस वर्षं ती टेकडीवर
दुर्बिणीच्या घुमटात रात्रपाळीला होती.
माणसं समुद्रापलीकडून येत,
वर्षभर आधी अर्ज करून एकेक रात्र मागून घेत,
आणि ती रात्र तिच्या वहीत एका ओळीत मावे:
ढग. घुमट बंद.
वारा. घुमट बंद.
दव. तीनला उघडला, तीन वीसला बंद.
ताऱ्यांच्या रात्री पाहुणे घेऊन गेले,
त्यांचे आलेख झाले, खाली नावं छापून आली.
उरल्या त्या हिच्या.
निवृत्तीच्या दिवशी वही कुणी मागितली नाही,
तिनंही आठवण करून दिली नाही.

मी तिचा भाचा. चौकटी माझ्या,
कुंपणाच्या जुन्या खांबांच्या;
तारेची भोकं बुजवायला निघालो तर म्हणाली, राहू दे.
रंग म्हणजे चुलीतली राख, जवसाचं तेल,
आणि मेंढ्यांवर खुणा करायचा निळा,
तोही चिमूटभर, एकाच चित्रात.
सतरा जून.
फिनलंडचा एक पोरगा बाहेर पायरीवर बसलेला,
संध्याकाळीच घरून फोन आला होता, आई गेली म्हणून.
हिनं कॉफी नेऊन दिली. शेजारी बसली.
वहीत फक्त: ढग.

'तारे मागे आहेत,' ती पाद्रीबुवांना म्हणाली,
आणि ते खरंच वाकून
चौकटीमागे बघायला लागले.

सगळ्यात लहान चित्र बारेंट स्टीनकाम्पनं घेतलं.
पैसे निम्मे, बाकी एक कोकरू.
हातात धरून कितीतरी वेळ उभा.
आडवे फराटे, मळकट पांढरे,
मधेच कुंचला घसरल्यासारखे.
'हे काय आहे?'
'वारा. नव्वद सालचा, ऑगस्टातला.'
त्यानं चित्र जरा लांब धरलं.
'असाच होता,' म्हणाला,
'गोठ्याचे पत्रे गेले होते माझे.'