नग अडतीस

वरणगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं
काडतुसांच्या बुडावरचे आकडे वाचले मी.
भिंगातून. दिवसाला चार हजार.
रिटायर झालो तेव्हा साहेबांनी घड्याळ दिलं,
डोळ्यांची सवय मात्र कुणी जमा करून घेतली नाही.

म्हणून मुराद तडवीच्या भंगारात
कूलरच्या जाळ्यांखाली एक बकल दिसलं
तर मी ते आधी उलटंच केलं.
पाठीवर साल होतं. एकोणीसशे बेचाळीस.
आणि दोन अक्षरं : यू, एस.
मुराद म्हणाला, पितळ आहे, किलोनं घ्या.
किलोनं घेतलं.

भुसावळवरून गाड्या जायच्या तेव्हा, म्हणे,
अमेरिकन पोरांनी भरलेल्या, ब्रह्मदेशाकडे.
इंजिन पाणी पीत असेतो उतरायची,
नळाखाली डोकी धरायची,
काही विकायची, काही विसरायची.
लोकोशेडमागच्या चाळीत त्यांच्या तंबूचा अर्धा तुकडा पाहिला मी.
त्यावर पापड वाळत होते.
पापडांसकट किंमत विचारली.

कोट एकच मिळाला. लोकरीचा.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
खिशात निंबाचा पाला घेऊन तो कपाटात उभा असतो.
धुवायचा नाही. बटणं घासायची नाहीत,
पितळेवरचा काळेपणा हाच त्यांचा जन्मदाखला.
(बायको म्हणते, मग माझा तांब्याही तसाच ठेवू का?)
कॉलरच्या आत शाईनं लिहिलंय :
एच, चार चार सात एक.
आडनावाचं पहिलं अक्षर, नंबरातले शेवटचे चार.
एवढाच माणूस उरलाय.
कधी दुपारी त्या एचला नावं लावून बघतो;
मला येणारी अमेरिकन नावं तिसऱ्यालाच संपतात.

तलवारीत फसलो.
बऱ्हाणपूरच्या एकानं पोत्यात गुंडाळून आणली,
घोडदळाची, तीन दांड्यांची पितळी मूठ, पात्यावर गरुड.
पंधरा हजार मोजले. रात्री भिंग लावलं.
गरुडाला पोपटाची चोच होती.
जन्मभर नापास माल बाजूला काढला मी,
आणि हा घरात आणून ठेवला!
पुतण्याच्या लग्नात ती नवरदेवाच्या हाती दिली.
फोटोत चांगली दिसते.

केऱ्हाळ्याच्या कौतिकबाईकडे एक बाटली आहे,
हे कळलं केळीच्या ट्रकवाल्याकडून.
गेलो. निंबाच्या फांदीला टांगलेली,
ॲल्युमिनियमची, झाकण साखळीला, साखळी धड.
मूळ खोळ कधीच विरून गेलेली; तिच्या जागी
लुगड्याचं हिरव्या काठाचं धुडकं, घट्ट शिवलेलं, ओलं.
सासूनं तिच्या फलाटावर एका शिपायाला
केळ्यांची फणी दिली होती.
त्याच्याकडे सुटे नव्हते.

बूड पाहिलं. साल, कंपनी, सगळं खरं.
दोन हजार म्हणालो. पाच म्हणालो.
पिशवीतून नवाकोरा थर्मास काढला.
तिनं तो कानाशी हलवून पाहिला, नारळ पाहावा तसा,
आणि परत दिला.
"इकत नई मी. पानी थंडं ऱ्हाते हिच्यात."
मग माझ्या वहीकडे, भिंगाकडे बघत,
"तुमच्या कपाटाले तहान लागते का, भाऊ?"

हसलो, दुसरं काय करणार.
तिनं बाटली उतरवून आधी मला पाजलं.
तोंडाच्या आट्या ओठाला खरखरीत लागल्या.

वहीत लिहिलंच तरी. नग अडतीस :
पाण्याची बाटली, एक. साल त्रेचाळीस.
स्थिती : चालू.
ठिकाण : केऱ्हाळे, विहिरीजवळचा निंब.

दर संक्रांतीनंतर तपासणीला जातो.
यंदा खोळ नवी होती, गाऊनच्या कापडाची, फुलाफुलांची.
कौतिकबाई खाटेवर, ऐकू येत नव्हतं.
सुनेनं विचारलं, कोणाकडे आलात?
मला पटकन सांगता येईना.
फांदीकडे बोट केलं.
ती म्हणाली, पाणी पाहिजे का?