मधला पाटा

अंडी फुटली नव्हती, हे आधी सांगतो.
आठ हजारांत एकही नाही.
पाचगावच्या पुढं भरली, उमरेड रोडनं आणली,
कोळशाच्या ट्रकांनी खणून ठेवलेल्या रस्त्यानं,
आणि हॅचरीत उतरवताना ट्रे न ट्रे कोरडा.
मी सही घेतली, चहा प्यालो, निघालो.

दहाव्या दिवशी आस्वले मॅडमनं बोलावलं.
अंधाऱ्या खोलीत एका अंड्यामागं बॅटरी धरली.
"हवेची पिशवी सुटलीय, बघा, आतल्या आत.
कवच शाबूत आहे. पण यातून काही निघणार नाही."
अंडं हलवलं तसा तो बुडबुडा
लेव्हलच्या काचेतल्यासारखा इकडून तिकडं गेला.
असा चौथा हिस्सा माल.

खड्डा कुठला, तेही आठवेना.
दिघोरीच्या पुढचा? पुलाला चढतानाचा?
माझं तर नुसतं डोकं छताला लागलं होतं.

पारडीत हेडाऊ मिस्त्री. डाव्या कानानं बहिरे,
म्हणून इंजिनाचं दुखणं तळहातानं ऐकतात.
गाडीखाली गेलेच नाहीत आधी.
मागं, रिकाम्या डाल्यात, उकिडवे बसले
आणि म्हणाले, चालव.
गटाराच्या झाकणावरून नेली, विटांच्या तुकड्यांवरून नेली,
आरशात त्यांची टोपी तेवढी दिसायची,
दिसायची, नाहीशी व्हायची.

उतरून कंबर धरली.
"हवा किती?"
"पासष्ट."
"कोनं सांगतलं?"
"पंपावरच्या पोट्ट्यानं."
"तो बसते काय मागं?"

मग बिडी पेटवून, जरा वेळानं:
"गाडी वाईट नाई बाप्पा. हिले टनभर ओझं पायजे.
तू देतं अर्धं.
उरलेलं ते रस्त्यापासून घेते."

यू-बोल्ट गंजून दगड झालेले. रात्रभर डिझेल पाजलं.
सकाळी सुटले तेव्हा एवढा आवाज केला
की शेजारचा पंक्चरवाला पान्हा टाकून पाहायला आला.
सात पाटे, पण गंजानं त्यांचा एकच केलेला,
एकमेकांवरून सरकायचं असतं हेच विसरलेले.
मिस्त्रींनी ते सुटे केले, तारेच्या ब्रशनं घासले,
मध्ये ग्रीस भरलं, बोटानं, सावकाश,
हिवाळ्यात टाचेच्या भेगांत भरतात तसं.
बुश हातात घेतला तर चिक्कीसारखा तुटला.
शॉकअप दाबला: खाली गेला
आणि तिथंच राहिला, बोलावणं येईपर्यंत थांबल्यासारखा.

चौथा पाटा, मधला, त्यांनी परत बसवलाच नाही.
"याच्याबिना चालते?"
"अंड्याले चालते. उद्या गिट्टी भरशीन
तं माह्याकडं येऊ नोको."

पुढच्या चाकांत हवा कमी, मागच्यांत आणखी कमी.
एक्सलच्या वर, फाळक्याजवळ नाही, बरोबर वर,
वाळूची चार पोती, दोरीनं बांधून.
पैसे सांगितले ते कमी होते
आणि मी तसं म्हणालो नाही.

त्या फेरीला डॅशबोर्डवर स्टीलचा पेला ठेवला,
काठाशी दोन बोटं सोडून पाणी.
रस्ता तोच होता. कोळशाचे ट्रक तेच,
दिघोरीच्या पुढं तोच खड्डा, आता ओळखीचा;
गाडी त्यात उतरली, खाली वाकली,
आणि उठली एकदाच.
पाणी काठापर्यंत आलं, परत गेलं.
मी इतका वेळ दात आवळून बसलो होतो
हे मला तेव्हा कळलं.

एकविसाव्या दिवशी मॅडमचा फोन.
त्यांनी आकडा सांगितला, मला नीट ऐकू नाही आला,
मागं चिवचिवाट फार होता.
परत विचारला नाही.

तो मधला पाटा घरी आणला होता, भंगारात द्यायचं मन झालं नाही.
इंदिरा त्यानं कधी दार अडवते, कधी ड्रमचं झाकण दाबते.
पोरगा त्याचं पोट जमिनीला टेकवतो,
वर दोन पाय ठेवतो आणि डुलतो.
पाटा डुलतो. वाकत मात्र नाही,
बावीस किलोंच्या पोरानं काय वाकणार.
अंगणात पडल्या पडल्या
तो अजून त्याच्या टनाची वाट पाहतो.