गाडी लेट आहे

पूर्णा जंक्शनवर गाड्या थांबल्या त्या आठवड्यात
बाबांचं घड्याळ गेलं.
भिंतीवरचं नाही, ते चालूच होतं.
सकाळच्या पॅसेंजरला चहा,
मनमाडकडच्या गाडीला जेवण,
रात्रीची शेवटची आउटरवर शिट्टी द्यायची
तेव्हा गोळी.
एकतीस वर्षं सांधे बदलणाऱ्या माणसाचा दिवस
असा रुळांवर बसवलेला.

"सुजे, गाडी कामून नाही आली?"
पहिल्या दिवशी खरं सांगितलं, बंद आहे.
बंद म्हणल्यावर ते उठलेच.
संप झाला का, कोणी रुळावर गेलं का,
पुलाला काही झालं का,
एक चप्पल पायात, एक हातात,
भर उन्हात फाटकापर्यंत.
पोलिसानं आणून सोडलं. चांगला होता पोरगा.
काठी बगलेत धरून म्हणाला,
ताई, कडी लावत जा.

कडी नाही लावली.
दुसऱ्या दिवसापासून म्हणते, गाडी लेट आहे, बाबा.
लेट त्यांना कळतं.
लेटमध्ये माणूस बाकावर बसतो, बिडी काढतो,
कोणावर चिडत नाही.
आता गल्लीलाही पाठ झालंय.
मी सर्वेला गेले की समोरच्या खिडकीतून
नूरजहाँआपा रोजा धरलेल्या कोरड्या आवाजात ओरडते,
"काका, लेट है, बैठो!"
अन् काका बसतात.

मालगाड्या मात्र चालू होत्या.
रात्री दोनला भांडी थरथरायची
अन् बाबा अंधारात भिंत चाचपायचे. झेंडी. माझी झेंडी.
आईच्या ट्रंकेतलं हिरवं ब्लाउजपीस
मी लाटण्याला बांधून दिलं.
खिडकीतून हात बाहेर काढून उभे राहतात,
शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेपर्यंत.
"पूर्ण गेली," म्हणतात, अन् झोपतात.
मला काही झोप येत नाही त्यानंतर.

त्या दुपारी बावन्न घरं झाली होती.
तोंडावरचं न सोडताच दारात आले.
बाबांनी मास्ककडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं.
"या बाई. तिथूनच विचारा.
खोकला नाही आमच्यात कोणाला."

मी रजिस्टर उघडलं.
का उघडलं ते आजही सांगता येत नाही.
"नाव?"
"धुराजी लिंबाजी खिल्लारे. सांधेवाला."
"सोबत कोण राहतं?"
"पोरगी. ती बी हेच करते, दारोदार.
तिला ऊन सोसत नाही, लहानपणापासून.
तुमच्या साहेबाला सांगून बघा बरं."
जरा थांबले. बिडी नुसतीच बोटात फिरवली.
"सासर सोडून आली तव्हा
दोन महिने बोललो नाही मी तिच्याशी.
तिला वाटलं, रागात आहे.
तोंडच नव्हतं मला. स्थळ मीच आणलं होतं."

पेन चालेना.
"आता कुठंय ती?"
त्यांनी रुळांकडे पाहिलं.
"लेट आहे. येईल."

मागच्या दारानं न्हाणीत गेले.
साबणानं कोपरापर्यंत हात,
मग डोक्यावरून पाणी, बराच वेळ.
ओल्या केसांनी, उघड्या तोंडानं पुढं आले.

"आलीस का," बाबा म्हणाले,
"आत्ता एक बाई येऊन गेली सरकारी.
दमलेली दिसत होती.
पाणी विचारायचं राहूनच गेलं बघ."