तिसरा हायड्रोजन

कलामात रात्री साडेनऊचा वर्ग.
खाणीवरून आलेले सातजण, बुटांवर धूळ,
आणि फळ्यावर मी: रेणुभार भागिले एन.

पोटॅशियम परमँगनेट. एकशे अठ्ठावन्न.
आम्लात पाच इलेक्ट्रॉन घेतं,
उदासीन पाण्यात तीन,
कडक अल्कलीत एकच.
"मग बाई, त्याचं खरं वजन कुठलं?"
विल्मर कोल्के विचारतो. डंपर चालवतो तो.
समोर कोण आहे ते आधी बघ, मी म्हणते,
एकट्याला सममूल्यभार नसतो.

मग फॉस्फरस आम्ल.
तीन हायड्रोजन दिसले की सगळे तीननं भागतात:
ब्याऐंशी भागिले तीन,
सत्तावीस पूर्णांक तीन.
सगळ्यांचं एकमत, सगळ्यांचं चूक.

मी रचना काढते.
दोन हायड्रोजन ऑक्सिजनच्या दारात,
चपला घालून तयार.
तिसरा थेट फॉस्फरसला बिलगलेला.
अल्कली कितीही ओता, हलत नाही.
म्हणून दोन. म्हणून एक्केचाळीस.

विल्मर खोडतो, खोडतच राहतो.
खाणीनं पाणी नेलं तेव्हा
त्याचं अख्खं गाव ट्रकात बसलं.
आई, एमेतेरिया, बसली नाही.
लामा सहा, विहीर कोरडी.
दर रविवारी हा पाण्याचे कॅन घेऊन वर जातो,
दर रविवारी तेच भांडण.

"त्याला हिशेबात धरायचंच नाही?"
भाजकात नाही.
पण ब्याऐंशीत आहे ना तो,
तिथून कसा काढणार?

तो वहीकडे बघतो.
पेन्सिल कानामागे जाते,
बाहेर रात्रपाळीची बस हॉर्न देते,
आणि एक्केचाळीसभोवती चौकट काढायची
राहून जाते.