भुवया

दोनशे चौदा नंबरच्या घराची किल्ली
माझ्या खणात असते.
सतरा वर्षं मी ती देते, परत घेते.
देताना गार असते, घेताना कोमट:
विमान उतरेल की नाही या धास्तीनं
मुठीत धरून बसलेल्या असतात बिचाऱ्या.

त्या घराच्या कपाटात सगळ्यांचं थोडं थोडं उरलंय.
अर्धी मिरपूड. फेब्रुवारीत थांबलेलं कॅलेंडर.
एका पायाचा बूट.
आणि 'घरी गेल्यावर' अशा मथळ्याची एक यादी,
तिच्यात शेवटी, दोनदा अधोरेखित: टोमॅटो.

मी दुभाषी. म्हणजे दवाखान्यातलं टेबल, फोन,
आणि दोन भाषांमधली फट
सांभाळायला मी असते.

म्हातारी नात्सिआपिक
प्रत्येक नव्या नर्ससमोर पहिल्यापासून सुरू करायची:
जहाज आलं. छातीचा फोटो काढला.
हातावर नंबर लिहिला आणि परत किनाऱ्यावर उतरूच दिलं नाही.
तीन वर्षं दक्षिणेत, झाडांच्या गावात.
परतले तेव्हा आई ओळखू आली,
ती काय बोलते ते कळेना.
हे मी एक्केचाळीस वेळा इंग्रजीत सांगितलंय.
इतक्यांदा, की एकदा 'ती'च्या जागी 'मी' म्हणून गेले
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बेचाळिसावी आली, डेल्फिन,
तेव्हा म्हातारीनं अंगातलं जाकीट काढलंच नाही.
म्हणाली, हिला सांग, फाइलमध्ये आहे.
फाइलमध्ये होतं: जुना क्षय, बरा.

मग कधीतरी कमिटी बसली, पडद्यावर.
लोक टिकत का नाहीत, म्हणाले.
बोनस वाढवलाय, तिकिटं वाढवलीत,
इंटरनेटचंही बघतोय.
मी म्हटलं, माझ्या भाचीला नर्स व्हायचंय.
दहा वर्षांची असल्यापासून ही सिआसी
बाकावर बसून लोकांच्या नाड्या मोजते.
कॉलेजला रसायनशास्त्र लागतं,
आणि रसायनाचे सर नोव्हेंबरात निघून गेले.
पडद्यावरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठला.
आवाज तेवढा आला: नोंद घेतली.

आमच्याकडे 'हो' म्हणायचं तर भुवया उंचावतात.
'नाही' म्हणायचं तर नाक आक्रसतात.
तोंड उघडावं लागत नाही, थंडीत ते बरंच.
नव्या नर्स विचारतात, दुखतंय का?
पेशंट उत्तर देऊन मोकळा,
आणि ह्या पेन धरून वाट बघत बसतात.
कुणी फाइलमध्ये लिहूनही टाकलंय: सहकार्य करत नाही.

मार्चातल्या वादळात दोन दिवस विमान नव्हतं.
उपिकचं बाळ श्वास घेताना बरगड्या दाखवत होतं.
डेल्फिननं काय काय केलं ते तिच्या रिपोर्टात आहे.
रिपोर्टात नाही ते असं:
तिसऱ्या सकाळी विमान बाळाला घेऊन गेलं
आणि ही दोनशे चौदाकडे वळलीच नाही,
नात्सिआपिकच्या दारात जाऊन उभी राहिली.
काही विचारलं नाही. नुसता चहा प्यायली,
बसल्या बसल्या झोपली.
जागी झाली तेव्हा म्हातारी बोलत होती,
जहाजाच्या आदल्या दिवसाबद्दल:
कुत्र्याच्या पिलाला तिनं बाहीत लपवलं होतं,
ते रात्रभर तिची करंगळी चोखत होतं.
हे मी कधीच ऐकलं नव्हतं.
माझ्याकडे त्याचं इंग्रजी तयार नव्हतं.

काल हेड ऑफिसचा फोन आला.
करार संपतोय. वाढवणार का तिला विचारा,
आजच हवंय.
मी स्पीकर लावला. डेल्फिन
कुणाच्या तरी टाचेतला गळ काढत होती,
दोन्ही हात गुंतलेले.
तिनं मान वर केली
आणि भुवया उंचावल्या.

हॅलो? फोन म्हणाला. हॅलो?
ऐकू येतंय का?

सतरा वर्षांत पहिल्यांदाच
मी जरा वेळ
भाषांतर केलं नाही.